दिवा लागला की सोलेनॉईड बदलायचे, याला कारागिरी कसे म्हणावे?

मोटार दुरुस्तीचा धंदा आपल्या लोकांच्या हातात किती आहे हे सांगायला कोणत्याही पाहणीची गरज नाही. परभणीत जिंतूर रोड, वसमत रोड, पाथरी रोड यांपैकी कोणत्याही रस्त्याने निघा, नाहीतर सेलू, मानवत, गंगाखेड, पूर्णा येथे स्टँडच्या आसपास फिरून या. गॅरेज, डेंटिंग-पेंटिंग, रेडिएटर, ऑटो इलेक्ट्रिक, पंक्चर, सीट कव्हर, जागोजागी आपली मुले कामाला लागलेली दिसतील. अ‍ॅम्बेसेडर, फियाट आणि महिंद्राची जीप यांच्या काळात या धंद्याने अनेक घरे उभी केली. पुढे १९८३ साली मारुती ८०० आली, तीही आपल्या उस्तादांनी पाहता पाहता हाताखाली घातली. कार्बोरेटर नुसत्या आवाजावर सेट करणारे, टॅपेटची फट बोटाच्या अंदाजाने सांगणारे कारागीर या जिल्ह्यात होऊन गेले. त्यांच्याविषयी आम्हाला आदर आहे. तो आहे म्हणूनच आज थोडे कडू लिहावे लागत आहे.

आजच्या छोट्या पेट्रोल गाड्यांत व्हीव्हीटी नावाची यंत्रणा असते. तिच्यात बोटभर लांबीचा एक पार्ट असतो. कोणी त्याला व्हीव्हीटी सोलेनॉईड म्हणतात, कोणी ओसीव्ही, कोणी नुसता व्हॉल्व्ह. गाडीचा पिकअप गेला, अ‍ॅव्हरेज पडले, गाडी उभी असताना इंजिन थरथरू लागले आणि डॅशबोर्डवर चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला, की आपल्याकडे आता एक ठरलेला क्रम चालतो. स्कॅनर लावायचा, व्हीव्हीटीचा कोड आला की दुकानातून नवा सोलेनॉईड आणायचा, एक बोल्ट काढून तो बसवायचा, कोड पुसायचा आणि पैसे घ्यायचे. वीस मिनिटांत काम होते. गिऱ्हाईक खूश, मिस्त्री खूश, पार्टवाला तर सर्वांहून खूश. पंधरा दिवसांनी तोच दिवा पुन्हा लागतो, आणि मग ते गिऱ्हाईक आपल्याकडे येत नाही, गाडी घेऊन थेट नांदेडला कंपनीच्या वर्कशॉपमध्ये जाते. आमच्या तक्रारीचे मूळ येथे आहे.

ही यंत्रणा करते काय, हे आधी साध्या भाषेत सांगतो. ज्यांना ठाऊक आहे त्यांनी हा परिच्छेद सोडून पुढे जावे. रमजान महिन्यात बाजाराची वेळ बदलते हे प्रत्येक व्यापाऱ्याला माहीत असते. दुपारी गिऱ्हाईक नसते, संध्याकाळनंतर पाय ठेवायला जागा नसते, म्हणून दुकानाचे शटर त्या हिशेबाने वर-खाली होते. बाराही महिने एकाच वेळेला उघडणारा दुकानदार तोट्यात जातो. जुन्या इंजिनाचे व्हॉल्व्ह अशा दुकानदारासारखे होते. गाडी रेंगाळत असो की भरधाव, त्यांची उघडण्याची वेळ कॅमशाफ्टच्या घडणीने एकदाच ठरून गेलेली. व्हीव्हीटीमध्ये कॅमशाफ्टच्या टोकाला एक खास चक्र असते. त्याच्या आत कप्पे असतात. या कप्प्यांत इंजिनचेच ऑईल दाबाने इकडून किंवा तिकडून भरले, की कॅम चेनच्या मानाने थोडा पुढे किंवा मागे सरकतो आणि व्हॉल्व्ह लवकर किंवा उशिरा उघडतात. ऑईल कोणत्या कप्प्यात सोडायचे हे ठरवतो तो सोलेनॉईड. गाडीचा कॉम्प्युटर त्याला सेकंदाला अनेक वेळा करंट देतो आणि तोडतो, त्या प्रमाणात त्याच्या आतली दांडी सरकते.

विद्या तशी जुनी आहे. इटलीच्या अल्फा रोमिओ कंपनीने १९८० साली आपल्या गाडीत ती आणली. जपानच्या होंडाने १९८९ साली व्हीटेक नावाने वेगळ्या पद्धतीची यंत्रणा काढली. आपल्या रस्त्यांवरच्या स्वस्त गाड्यांत मात्र ती २०१० नंतर पसरली. ह्युंदाई आय-टेनचे कप्पा इंजिन २०१० साली व्हीटीव्हीटी नावाने आले, २०११ च्या नव्या स्विफ्टमध्ये १२०० सीसीच्या के-सीरिज इंजिनाला व्हीव्हीटी मिळाली, आणि २०१२ साली अर्टिगाही ती घेऊनच आली. म्हणजे लग्नाच्या वरातीला, दवाखान्याच्या खेपेला, हैदराबादच्या भाड्याला आपल्याकडे ज्या गाड्या जातात, त्यांतल्या पेट्रोलच्या बऱ्याच गाड्यांत आज हा पार्ट आहे. तो शिकल्यावाचून गॅरेज चालणार नाही.

शिकणे म्हणजे काय, तर बोल्ट कोठे आहे हे माहीत असणे नव्हे. बोल्ट कोणालाही सापडतो.

या पार्टात बिघडण्यासारखे दोनच भाग आहेत. एक वायरची कॉईल आणि दुसरी आतली सरकणारी दांडी. दांडी आणि तिच्या घराच्या मध्ये जी फट असते ती माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षाही कमी. बहुतेक गाड्यांत पुढे बारीक जाळी असते, ती कचरा अडवते. ऑईल काळे होऊन त्याचा चिखल झाला, की आधी जाळी बुजते, मग दांडी अडकते. कॉईल जळण्याचे प्रकारही होतात, पण त्याहून अधिक वेळा कारण ऑईल हेच असते. आता विचार करा. ज्या ऑईलने जुना सोलेनॉईड अडकला, त्याच ऑईलमध्ये नवा बुडवला तर तो किती दिवस चालेल?

येथे आपल्या धंद्याची एक जुनी सवय आडवी येते. जीपला, ट्रॅक्टरला, मारुती ८०० ला, सगळ्यांना एकाच ड्रममधले जाड ऑईल घालण्याची. २०डब्ल्यू-४० हे त्या काळच्या कित्येक गाड्यांना चालत होते, कोणी तक्रार केली नाही. व्हीव्हीटीच्या इंजिनाला कंपनी ५डब्ल्यू-३० किंवा ०डब्ल्यू-२० सारखे पातळ ऑईल सांगते, आणि अगदी अलीकडच्या काही गाड्यांना तर ०डब्ल्यू-१६. आपल्याकडे गिऱ्हाईकही म्हणते, "उस्ताद, परभणी की गर्मी में ये पानी जैसा ऑईल नहीं चलता, गाढा डालो." उस्ताद ऐकतो. मे महिन्यात येथला पारा बेचाळीसच्या वर जातो हे खरे, म्हणून जाड ऑईल इंजिन वाचवते असे वाटणे साहजिक आहे. पण इंजिनच्या आतले तापमान बाहेरच्या बेचाळीसवर ठरत नाही, ते थर्मोस्टॅट, रेडिएटर आणि इंजिनावरचा बोजा यांवर ठरते आणि नव्वद-शंभरच्या आसपास राहते, मग गाडी महाबळेश्वरला असो की मानवतला. जाड ऑईल त्या बारीक वाटांतून वेळेवर पोचत नाही. कॉम्प्युटर कॅमला सांगतो एक जागा, कॅम पोचतो उशिरा, फरक दिसला की दिवा लागतो. त्या दिव्याचा अर्थ सोलेनॉईड मेला असा नाही.

दुसरी गोष्ट ऑईल बदलण्याच्या मुदतीची. दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष हा कंपनीचा आकडा सर्वांना पाठ असतो, पण त्याच पुस्तकात पुढे धूळ, कमी अंतराच्या खेपा, एसी लावून तासन् तास उभी गाडी अशा कठीण वापरासाठी मुदत कमी करायला सांगितलेली असते. ते पान कोणी उघडत नाही. गंगाखेड-परभणी खेपा मारणारी, ऊस-कापसाच्या हंगामात धुळीत फिरणारी, कोर्टासमोर एसी लावून उभी राहणारी गाडी कठीण वापरातलीच धरली पाहिजे. अशा गाडीचे ऑईल आणि फिल्टर निम्म्या मुदतीत बदला असे गिऱ्हाईकाला सांगणारा मिस्त्री लोभी ठरत नाही. उलट तो गिऱ्हाईकाचा पैसा वाचवतो.

आता कोडविषयी. मोबाईलवर चालणारे छोटे ब्लूटूथ स्कॅनर आता कोणालाही परवडतात आणि स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये बसतात. ही सोय चांगली आहे. पण कोड फक्त गल्ली सांगतो, घर नाही. पी ००१० आला तर सोलेनॉईडच्या विजेच्या सर्किटमध्ये दोष. म्हणजे कॉईल, कपलर, वायर किंवा पुढे कॉम्प्युटर. पी ००११ म्हणजे इनटेक कॅम हवा त्यापेक्षा पुढे आहे, पी ००१२ म्हणजे मागे राहिला आहे. या दोन्हींत विजेपेक्षा ऑईलचा संशय आधी घ्यावा. पी ००१६ आला तर मामला वेगळा. क्रँक आणि कॅमचा मेळ बसत नाही, तेथे बऱ्याचदा चेन ढिली झालेली असते किंवा एखादा दात सरकलेला असतो. अशा गाडीत तीन सोलेनॉईड बदलले तरी दिवा जाणार नाही, आणि चेनने एकदा दगा दिला तर पिस्टन व्हॉल्व्हला भिडून हेडचे काम निघू शकते. कोड न वाचता, नुसते व्हीव्हीटी हे तीन अक्षर पाहून पार्ट मागवणारे पाहिले की आम्हाला वाईट वाटते.

तपासाची रीत फार अवघड नाही. सर्वांत आधी ऑईलची पट्टी बाहेर काढून पाहावी. पातळी कमी आहे का, रंग डांबरासारखा आहे का, वास जळका आहे का. कमी ऑईलवरही हा दिवा लागतो, आणि एक लिटर ऑईलने जे काम झाले असते त्यासाठी गिऱ्हाईकाकडून पार्टचे पैसे घेतले गेले असे होऊ नये. मग कपलर काढून पाहावा. पिना हिरवट झाल्या आहेत का, आत ऑईल शिरले आहे का, वायर उंदराने कुरतडली आहे का. कापूस-धान्याच्या आपल्या गावांत बॉनेटखाली उंदीर हा काही विनोदाचा विषय नाही. त्यानंतर इंजिन थंड असताना मल्टीमीटरने कॉईल मोजावी. बहुतेक गाड्यांत ती सात ओहमच्या आसपास भरते, नेमका आकडा त्या त्या गाडीच्या पुस्तकात असतो. मीटरने काहीच दाखवले नाही तर कॉईल तुटली, शून्याजवळ दाखवले तर शॉर्ट. अशा वेळी नवा पार्ट जरूर आणावा, त्यात संकोच नको.

कॉईल बरोबर असेल तर सोलेनॉईड बाहेर काढून बॅटरीचा करंट क्षणभर देऊन पाहावा. टक् असा आवाज होऊन दांडी पूर्ण सरकली आणि करंट काढताच मागे आली, तर तो पार्ट जिवंत आहे. करंट क्षणभरच द्यावा, धरून ठेवला तर चांगली कॉईल आपल्याच हाताने जळते. दांडी अडखळत असेल तर क्लीनर स्प्रेने धुवावी, जाळी साफ करावी. पॉलिश पेपर किंवा तारेचा ब्रश तिच्याजवळ नेऊ नये. एक ओरखडा पडला की ती बारीक फट कायमची बिघडते. ज्या इंजिनात इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्हीकडे व्हीव्हीटी असते आणि दोन्ही सोलेनॉईडचा पार्ट नंबर एकच असतो, तेथे आणखी एक सोपी युक्ती आहे. दोन्हींची अदलाबदल करावी. कोड पी ००११ चा पी ००१४ झाला, म्हणजे दोष सोलेनॉईडबरोबर दुसऱ्या बाजूला गेला, तर पार्टच खराब. कोड जागचा हलला नाही, तर दोष वायरमध्ये, ऑईलच्या वाटेत किंवा कॅमच्या चक्रात. एक पैसा खर्च न होता निकाल लागतो.

आणि बदलायची वेळ आलीच तर बदलावे कसे, तेही सांगतो, कारण येथेही हयगय होते. बॅटरीची निगेटिव्ह काढावी. टायमिंग चेनच्या बाजूला, हेडवर किंवा चेन कव्हरवर तो पार्ट दिसतो. आधी आजूबाजूची धूळ ब्लोअरने उडवून टाकावी, कारण पार्ट निघताच ते भोक थेट ऑईलच्या वाटेत उघडते. कपलरची कडी उष्णतेने ठिसूळ झालेली असते, पेचकसाने उचकटली तर मोडते. बोटाने दाबून हळू काढावी. बहुधा एकच दहाचा बोल्ट असतो. पार्ट सरळ उपसू नये, थोडा डावी-उजवीकडे फिरवून सैल करावा आणि मग ओढावा, नाहीतर जुनी ओ-रिंग तुटून आत राहते. भोक पुसायला कॉटन वेस्ट वापरू नये. तिचे तंतू आत गेले तर नव्या पार्टची जाळी पहिल्याच दिवशी बुजते. स्वच्छ सुती कापड घ्यावे. नवीन ओ-रिंगला चांगले ऑईल लावून पार्ट हाताने पूर्ण बसवावा, बोल्टने ओढून बसवू नये. बोल्ट छोटा आहे आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचे, तेव्हा दहा-बारा न्यूटन मीटरच्या पुढे जोर नको. आटे गेले तर ते पैसे कोण भरणार?

अनाबॉन्डविषयी दोन शब्द वेगळे लिहितो. ओ-रिंग असलेल्या जागी अनाबॉन्ड लावायचे नसते. तरी लावतात, "लीकेज नको" म्हणून. बाहेर जेवढे फुगलेले दिसते तेवढेच आतही फुगते, पुढे त्याचे तुकडे सुटतात आणि ऑईलबरोबर फिरत राहतात. ते जाऊन बसतात नेमके जाळीत. टॅपेट कव्हर, चेंबर खोलतानाही हेच. मूठभर अनाबॉन्ड थापणे ही सुस्ती आहे. उस्तादाने शागिर्दाला हे पहिल्याच महिन्यात शिकवले पाहिजे.

शेवटी ऑईल आणि फिल्टर बदलून, कोड पुसून, गाडी दहा-पंधरा किलोमीटर चालवून पाहावी. जागेवर रेस देऊन पाहण्याला चाचणी म्हणत नाहीत. ही यंत्रणा चालत्या गाडीवर बोजा पडला की कामाला लागते.

हे सगळे वाचून एखादा मिस्त्री म्हणेल, "साहेब, एवढी तपासणी करायला तासभर जातो, त्याचे पैसे कोण देतो?" हा प्रश्न खरा आहे आणि आमच्या मते सगळ्या रोगाचे मूळ येथेच आहे. आपल्याकडे मजुरी मिळते ती बोल्ट खोलल्याची. डोके चालवल्याची मिळत नाही. डॉक्टर नाडी पाहून, काही औषध न देता फी घेतो, वकील सल्ल्याचे पैसे घेतो. मिस्त्रीने ऑईलची पट्टी पाहून, वायर जोडून, पार्ट न बदलता गाडी दुरुस्त केली, तर गिऱ्हाईक म्हणते, "कुछ डाला तो नहीं, पैसे काहे के?" मग मिस्त्री काय शिकतो? काहीतरी टाकले पाहिजे, तरच पैसे मिळतील. त्यात पार्टवाल्याचे कमिशन. पार्ट जेवढा महाग तेवढे कमिशन जास्त, ही गोष्ट बाजारात सर्वांना माहीत आहे आणि कोणी बोलत नाही. आम्ही बोलतो. कमिशन हे मिस्त्रीच्या बुडालेल्या मजुरीची भरपाई म्हणून सुरू झाले असेल, पण ते गिऱ्हाईकाच्या खिशातून त्याला न सांगता काढलेले पैसे आहेत. त्यापेक्षा गॅरेजच्या भिंतीवर सरळ पाटी लावावी. तपासणीची मजुरी इतकी, काम केले नाही तरी द्यावी लागेल. पहिले काही महिने चार गिऱ्हाईके नाराज होऊन जातील. जी राहतील ती टिकतील. आणि आमच्या व्यापारी वाचकांपैकी ज्यांच्याकडे गाड्या आहेत, त्यांनीही ही मजुरी घासाघीस न करता द्यावी. दुकानात स्वतः कापड फाडून दाखवण्याचे पैसे घेत नाही हे खरे, पण तेथे माल विकला जातो. येथे विकली जाते ती अक्कल.

पार्ट कोणता घ्यावा यावरही बाजारात घोळ आहे. कंपनीच्या डब्यातला, त्याच कारखान्यात बनून दुसऱ्या नावाने येणारा, आणि कंपनीचा डबा छापून आत भलतेच काही घालणारा, असे तीन प्रकार असतात. दुसऱ्या प्रकाराला आमची हरकत नाही. तिसऱ्यात दांडीची घडण ढिली, कॉईलचा ओहम भलताच, जाळी नावालाच. बसवण्याआधी नव्या पार्टची कॉईलही मीटरवर मोजून पाहावी, एक मिनिट लागते. ऑईलचेही तेच. नामांकित कंपनीच्या रिकाम्या डब्यांत गाळलेले जुने ऑईल भरून विकणारे आहेत, म्हणून ऑईल ओतल्यावर डबा गिऱ्हाईकासमोर टोच्याने फोडून टाकावा. पक्के बिल घ्यावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारीच्या सुट्या भागांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा "बिल घेतले तर महाग पडते" ही सबब पूर्वीइतकी चालत नाही. बिल नसेल तर पार्ट खराब निघाल्यावर बदलून मागायचा कोणत्या तोंडाने?

कंपन्यांनाही आम्ही सोडणार नाही. छोट्या गॅरेजवाल्याला दुरुस्तीचे पुस्तक, वायरिंगचा नकाशा, खरा स्कॅनर आणि खरा पार्ट सहज मिळाला असता, तर तो अंदाजाने काम करत बसला नसता. या प्रश्नावर एका ग्राहकाने २०११ साली भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार नेली. आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि तपासणीची साधने खुल्या बाजारात मिळू न देणे ही स्पर्धेची गळचेपी आहे, बाहेरच्या गॅरेजमध्ये काम केले एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, असा त्या आदेशाचा रोख होता. कंपन्या अपिलात गेल्या, दंडावरून कोर्टात लढाई चालली. पुढे २४ डिसेंबर २०२२ रोजी केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले आणि त्यात मोटारींचे क्षेत्र घेतले. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१२ सालीच याचा कायदा केला. आपल्याकडे पोर्टल आहे, त्या धर्तीचा कायदा नाही. पेठेतल्या गॅरेजवाल्याला या पोर्टलचा पत्ताही कोणी सांगितलेला नाही.

सरकारचे लक्ष कोठे असते तेही पाहा. १७ सप्टेंबर २०२३ रोजी पंतप्रधान विश्वकर्मा योजना सुरू झाली. हाताने काम करणाऱ्या कारागिरांसाठी प्रशिक्षण, अवजारांची मदत, स्वस्त कर्ज. यादीत १८ धंदे आहेत. लोहार आहे, सुतार आहे, कुलूप दुरुस्त करणारा आहे, शिंपी आहे, त्यांचे आम्हाला समाधानच आहे. पण मोटार मिस्त्री त्यात नाही. हात काळे करून जगणारा माणूस कारागीर नाही, तर मग कोण आहे? ही मागणी आपल्या जिल्ह्याच्या लोकप्रतिनिधींकडे लेखी गेली पाहिजे, नुसती हॉटेलात चहावर होऊन उपयोग नाही.

तोवर जे हाती आहे ते करावे. आयटीआयमध्ये मेकॅनिक मोटर व्हेईकल हा दोन वर्षांचा ट्रेड दहावीनंतर मिळतो. गॅरेजमध्ये वाढलेल्या मुलाने तो केला तर हाताला कागदाची जोड मिळते. ज्यांचे वय निघून गेले त्यांना आधीच्या कौशल्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय कौशल्य विकास योजनेत आहे. बारा वर्षांच्या पोराला शाळेतून काढून पाना हाती देण्याची रीत मात्र आता बंद झाली पाहिजे. तो कायद्याने गुन्हा तर आहेच, शिवाय ज्याला ओहम आणि न्यूटन मीटर वाचता येत नाही तो या गाड्यांत आयुष्यभर हेल्परच राहील.

राहिला चांगल्या स्कॅनरचा प्रश्न. ब्लूटूथवाला छोटा स्कॅनर कोड दाखवतो. पण कॉम्प्युटरने कॅमला सांगितलेला कोन आणि कॅम प्रत्यक्षात गाठतो तो कोन शेजारी शेजारी पाहायचे, किंवा सोलेनॉईडला स्कॅनरवरूनच हुकूम देऊन तो चालतो का पाहायचे, तर सर्व कंपन्यांच्या गाड्यांवर चालणारे मोठे यंत्र लागते आणि ते एकट्या छोट्या गॅरेजला झेपत नाही. मुद्रा कर्ज आहे, ज्यांना ते चालते त्यांनी घ्यावे. ज्यांना व्याजाच्या भानगडीत पडायचे नाही, त्यांनी एका रस्त्यावरच्या सहा-सात गॅरेजवाल्यांनी सारखा वाटा घालून एक यंत्र घ्यावे. ठेवायचे एकाकडे, वापराची नोंद वहीत, दर वापराला ठराविक रक्कम डब्यात, आणि त्या डब्यातून दरवर्षीचे सॉफ्टवेअर अपडेट. भांडण होईल ते या अपडेटवरूनच, कारण यंत्र घेताना उत्साह असतो आणि दुसऱ्या वर्षीचे पैसे भरताना प्रत्येकाला आपला वापर कमी वाटतो. म्हणून पहिल्या वर्षाची नव्हे तर तीन वर्षांच्या अपडेटची रक्कम सुरुवातीलाच वाट्यात धरावी आणि यंत्र घेण्याआधी तसे कागदावर लिहून सर्वांच्या सह्या घ्याव्यात.